विज्ञानाचा उतारा वाचताना रेघ कुठल्या शब्दाखाली मारायची?

गेल्या पावसाळ्यात दहावीतली एक मुलगी माझ्याकडे वही घेऊन आली. दोनशे पानी वही, निम्मी भरलेली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मधे पट्टीने ओढलेली लाल रेघ. ‘सर, हे सगळं पाठ आहे. तरी उतारा आला की डोकं चालत नाही.’ मी पानं चाळली. फोटोसिंथेसिस, क्लोरोफिल, पेनिसिलिन, कंडेन्सर. सगळे अर्थ बरोबर. मग तिलाच चार शब्द विचारले: ‘यील्ड’, ‘व्हेअरॲज’, ‘अकाउंट फॉर’, ‘हार्डली’. एकही वहीत नव्हता. ‘हार्डली’चा अर्थ तिने ‘खूप कष्टाने’ असा सांगितला. तो ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’ असा आहे, म्हणजे वाक्याचा अर्थच उलटा झाला.

सोलापुरात पूर्व भागात मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि विज्ञान सेमी इंग्रजीत, अशी मुलं जास्त. त्यांच्यातली निम्मी तरी हीच चूक करतात आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मोठी मंडळीही तिला अपवाद नाहीत. रेघ अवघड दिसणाऱ्या शब्दाखाली पडते. पण ‘पेनिसिलिन’ म्हणजे काय हे उतारा स्वतःच सांगतो, आणि पुढच्या उताऱ्यात तो शब्द येतही नाही. ‘प्रिव्हेंट’, ‘रिलाय ऑन’, ‘देअरफोर’ मात्र प्रत्येक उताऱ्यात येतात आणि त्यांचा अर्थ कुणी सांगत बसत नाही. चादरीवरची फुलं डोळ्यांत भरतात, पण चादर धरून ठेवतो तो साधा उभा-आडवा धागा. आपल्याला त्या धाग्याचा अभ्यास करायचा आहे.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम बदलला की काय बिघडतं ते त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे.

## सुरुवात करण्याआधी

उतारा कागदावर हवा. मोबाईलवर वाचलेला उतारा डोळ्यांखालून घसरतो, त्याच्यावर रेघा मारता येत नाहीत आणि दर दोन मिनिटांनी वरून एखादा मेसेज टपकतो. झेरॉक्सला जाणारा रुपया-दोन रुपये इथे वाचवू नका. पेन्सिल, दोन रंगांची पेनं आणि एकच वही घ्या. ‘कच्ची वही’ आणि ‘पक्की वही’ असा संसार थाटलेली मुलं कच्चीतून पक्कीत उतरवण्यातच महिना घालवतात.

डिक्शनरी इंग्रजी-इंग्रजी, शिकणाऱ्यांसाठी बनवलेली घ्या. तिला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. तिच्यात अर्थ सोप्या इंग्रजीत असतो, खाली उदाहरणाचं वाक्य असतं आणि शब्दापुढे कुठलं अव्यय लागतं तेही दिसतं. मोबाईलवरचं भाषांतराचं ॲप बहुतेक वेळा एकच मराठी शब्द देऊन मोकळं होतं, आणि विज्ञानाच्या उताऱ्यात तोच नेमका चुकीचा निघू शकतो.

उतारे कुठून आणायचे? बालभारतीची इंग्रजी माध्यमाची विज्ञानाची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. एनसीईआरटीचीही मिळतात. विकिपीडियाची सोप्या इंग्रजीतली एक वेगळी आवृत्ती आहे. शोधांविषयीचे तिथले छोटे लेख आठवी-नववीच्या मुलांना पेलतात. वाचनालयात बसायची सवय असेल तर सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहेच. गाइडमधले उतारे मात्र पहिला महिना बाजूला ठेवा. उत्तर शेजारीच छापलेलं असलं की नजर तिकडे जातेच, हा माझा स्वतःचाही अनुभव आहे.

वेळ चाळीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी तीनला हे करायला बसू नका. सकाळी सहा-साडेसहा बरं. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या, अर्धवट बसण्यात काही हशील नाही.

## टप्पा १: उतारा मोजून घ्या

लांबी दीडशे ते अडीचशे शब्द. पहिले शंभर शब्द मोजा आणि त्यातल्या अनोळखी शब्दांवर पेन्सिलीने नुसता ठिपका द्या. माणसांची, गावांची आणि यंत्रांची नावं मोजायची नाहीत. ठिपके दोन ते पाच निघाले तर उतारा तुमच्या मापाचा. सहा-सात असतील तर चालवून घ्या. दहाच्या वर गेले तर ठेवून द्या, तीन महिन्यांनी बघा. वाचनाच्या अभ्यासकांच्या मते मजकूर नीट समजायला शंभरातले पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. त्याखाली गेलं की आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधायला जागाच उरत नाही आणि पुढचा चौथा टप्पा फुकट जातो.

विषय असा घ्या की ज्याचं काम कसं चालतं ते तुम्हाला मराठीत माहीत आहे. ज्याच्या घरी यंत्रमाग आहे त्याने मागाचा उतारा घ्यावा, शेतकऱ्याच्या मुलाने पंपाचा, आणि प्रेशर कुकर तर सगळ्यांच्याच घरात आहे. विषय ओळखीचा असला की सगळं लक्ष भाषेवर राहतं. ‘अवघड उतारा वाचला म्हणजे जास्त शिकलो’ हा समज मनातून काढा, नुसता घाम गाळल्याचं समाधान मिळतं.

## टप्पा २: पहिलं वाचन, हाताची घडी घालून

पेन खाली ठेवा. डिक्शनरी बंद. उतारा एकदा सलग वाचा, अडलात तरी थांबू नका. वाचून झाल्यावर कागद उलटा करा आणि मराठीत दोन ओळी लिहा: कोणी काय केलं, आणि त्यामुळे काय बदललं.

पुढच्या सगळ्या टप्प्यांसाठी एक छोटा उतारा इथेच देतो. उच्चारही कळावेत म्हणून देवनागरीत लिहिला आहे. तुमच्या वहीत मात्र इंग्रजी लिपीतच लिहायचं, स्पेलिंगसकट.

“इन १८०४, जोसेफ मारी जॅकार्ड ऑफ लिऑन डेव्हलप्ड अ लूम दॅट टुक इट्स इन्स्ट्रक्शन्स फ्रॉम अ चेन ऑफ पंच्ड कार्ड्स. व्हेअर अ कार्ड हॅड अ होल, द वॉर्प थ्रेड वॉज रेझ्ड. व्हेअर इट हॅड नन, द थ्रेड रिमेन्ड इन प्लेस. प्रीव्हियसली, अ वीव्हर हॅड रिलाइड ऑन अ हेल्पर, ऑफन अ चाइल्ड, टु लिफ्ट द थ्रेड्स बाय हँड. द न्यू लूम देअरफोर रिड्यूस्ड बोथ लेबर अँड एरर. इट वॉज नॉट, हाउएव्हर, वेलकम्ड बाय ऑल: मेनी सिल्क वर्कर्स फिअर्ड दॅट इट वुड डिप्राइव्ह देम ऑफ देअर लिव्हिंग. डेकेड्स लेटर, चार्ल्स बॅबेज अडॉप्टेड द आयडिया ऑफ द कार्ड्स फॉर द कॅल्क्युलेटिंग मशीन ही वॉज डिझायनिंग.”

सोलापुरी चादरीवरची नक्षी याच जॅकार्डवर उठते, त्यामुळे आमच्या वर्गात यावर कुणी अडत नाही. एका मुलाने लिहिलेल्या दोन ओळी अशा: ‘भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग जॅकार्डने बनवला. धागे उचलणाऱ्या पोराचं काम गेलं आणि पुढे गणित करणाऱ्या यंत्रासाठीही तीच युक्ती घेतली.’ एवढं पुरे.

तपासा: दोन ओळी लिहिता आल्या नाहीत तर एकदा पुन्हा वाचा. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर उतारा मापाचा नाही, पहिल्या टप्प्यावर परत जा. इथेच डिक्शनरी उघडणारा माणूस पुढे वाक्य वाचतच नाही, तो शब्दांच्या दगडांवरून उड्या मारत जातो.

## टप्पा ३: शब्दांची वाटणी

सगळ्या पद्धतीत महत्त्वाचा टप्पा हा. उतारा दुसऱ्यांदा सावकाश वाचा आणि शब्द तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग नावांचा: ‘लूम’ (माग), ‘वॉर्प’ (मागावरचा उभा धागा), ‘पंच्ड कार्ड’ (भोकं पाडलेलं कार्ड). यांच्याभोवती पेन्सिलीने नुसता गोल करा.

दुसरा कामकरी शब्दांचा: ‘डेव्हलप’, ‘रेझ’, ‘रिमेन’, ‘रिलाय ऑन’, ‘रिड्यूस’, ‘डिप्राइव्ह’, ‘अडॉप्ट’. ही बहुतेक क्रियापदं असतात आणि कुठल्याही विषयात राबतात. लस असो, वाफेचं इंजिन असो की चांद्रयान. यांच्याखाली निळी रेघ.

तिसरा सांध्यांचा: ‘व्हेअर’, ‘प्रीव्हियसली’, ‘देअरफोर’, ‘हाउएव्हर’, ‘बोथ… अँड’. एक वाक्य दुसऱ्याशी कसं जोडलंय ते हे सांगतात. यांच्याखाली लाल रेघ. परीक्षेतले ‘यावरून लेखकाला काय म्हणायचं आहे’ छापाचे प्रश्न बहुतेक वेळा लाल रेघेच्या आसपासच असतात. ‘हाउएव्हर’ आला की वारं फिरलं, हे कळलं तरी निम्मं उत्तर हातात येतं.

एका उताऱ्यातून जास्तीत जास्त आठ शब्द वहीत जातात: पाच कामकरी, दोन सांधे, एक नाव. यापेक्षा जास्त नको, कितीही मोह झाला तरी.

कामकरी शब्द किती असतील, याची धास्ती घेऊ नका. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत सगळीकडे वारंवार येणाऱ्या शब्दांची एक यादी केली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि अभ्यासाच्या मजकुरातला साधारण दहावा हिस्सा ती एकटी व्यापतात. आठवड्याला पंधरा धरले तरी नऊ-दहा महिन्यांचं काम. विज्ञानातली नावं मात्र जन्मभर पुरून उरतील.

इशारा: ओळखीचा वाटणारा शब्द सोडून देऊ नका. ‘रेझ’ आणि ‘राइझ’ दोन्ही माहीत आहेत असं सगळे म्हणतात. ‘राइझ’ म्हणजे आपोआप वर येणं, सूर्य येतो तसं. ‘रेझ’ म्हणजे कशाला तरी वर उचलणं. कार्ड धाग्याला ‘रेझ’ करतं, धागा ‘राइझ’ होतो. तसंच ‘अडॉप्ट’ म्हणजे जसंच्या तसं स्वीकारणं आणि ‘अडॅप्ट’ म्हणजे आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेणं. एका अक्षराचा फरक, आणि पर्यायांत ही जोडी एकत्र दिसण्याची शक्यता भरपूर.

तपासा: आठ शब्दांत तीन नावं शिरली असतील तर वाटणी पुन्हा करा.

## टप्पा ४: डिक्शनरीच्या आधी अंदाज

आठही शब्दांचा अर्थ पेन्सिलीने समासात लिहा, चुकला तरी चालेल. न चुकता अंदाज कुणालाच येत नाही. पण आधी अंदाज केलेला शब्द नंतर बरोबर कळला की जास्त टिकतो.

अंदाज हवेत करायचा नाही. आधी शेजारी बघा. विज्ञानाचा लेखक अवघड नावाच्या मागेच अर्थ ठेवतो: ‘ऑर’, ‘दॅट इज’, ‘सच ॲज’, ‘कॉल्ड’, किंवा दोन स्वल्पविरामांच्या मधला तुकडा. मग कारण आणि परिणाम बघा. अलेक्झांडर फ्लेमिंगच्या १९२८ च्या निरीक्षणावरच्या उताऱ्यात असं वाक्य येतं: “अ मोल्ड हॅड ग्रोन ऑन द कल्चर, अँड द बॅक्टेरिया अराउंड इट हॅड डाइड.” मुलांना ‘मोल्ड’ म्हणजे साचा आणि ‘कल्चर’ म्हणजे संस्कृती एवढंच माहीत असतं. पण जो ‘ग्रोन’ होतो, वाढतो, तो साचा कसा असेल? भाकरी दमट डब्यात राहिली की तिच्यावर जे वाढतं ते आठवा. बुरशी. आणि ती जिच्यावर वाढली ती ‘कल्चर’ म्हणजे प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवलेले जिवाणू.

तिसरी खूण शब्दाच्या पोटात असते. ‘टेली’ म्हणजे दूर, ‘मायक्रो’ म्हणजे सूक्ष्म, ‘थर्मो’ म्हणजे उष्णता, शेवटी ‘स्कोप’ म्हणजे पाहण्याचं साधन आणि ‘मीटर’ म्हणजे मोजण्याचं. एवढे पाच तुकडे येत असतील तर डझनभर शब्द आपोआप उलगडतात.

इशारा: ‘इन’ दिसला की ‘नाही’ असं धरून चालू नका. ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारं, बरोबर. पण ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे सहज पेट घेणारं. टँकरच्या मागे लिहिलेलं असतं ते याचसाठी. आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे ज्याचं मोल करता येणार नाही इतकं मौल्यवान.

## टप्पा ५: आता डिक्शनरी, पण पहिल्या अर्थावर थांबू नका

शब्द उघडण्याआधी त्याची जात ठरवा. उताऱ्यात तो नाम आहे की क्रियापद? ‘कंडक्ट’ नाम असेल तर वर्तन. क्रियापद असेल आणि पुढे ‘एक्सपेरिमेंट’ असेल तर प्रयोग करणं. क्रियापदच, पण पुढे ‘इलेक्ट्रिसिटी’ किंवा ‘हीट’ असेल तर वाहून नेणं. उच्चारही बदलतो: नामात जोर पहिल्या अवयवावर, क्रियापदात दुसऱ्यावर.

विज्ञानाच्या उताऱ्यांत रोजचे साधे शब्द वेगळ्या कामाला लावलेले असतात. ‘सोल्यूशन’ म्हणजे उत्तर आणि द्रावणही. ‘सेल’ म्हणजे पेशी, विजेचा सेल आणि कोठडीही. ‘प्रॉपर्टी’ म्हणजे इथे जमीनजुमला नाही, गुणधर्म. ‘मॅटर’ म्हणजे पदार्थ, ‘प्लांट’ म्हणजे रोप किंवा कारखाना. ‘थिअरी’ या शब्दाचा तर आपण फारच घोळ केलाय. ‘थिअरीचा पेपर’ आणि ‘हे सगळं थिअरीत ठीक आहे’ एवढ्यापुरताच तो आपल्याकडे उरला. उताऱ्यात ‘थिअरी’ म्हणजे पुराव्यांवर तपासून उभा केलेला सिद्धांत.

‘शटल’ हा माझा आवडता शब्द. मागावरचा धोटा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तो इथल्या पोराला डोळ्यांनी दिसतो, म्हणून ‘शटल बस’ आणि ‘स्पेस शटल’ म्हणजे फेऱ्या मारणारं वाहन हे एका वाक्यात कळतं. आपल्या गावात उघड्या डोळ्यांनी दिसणारे असे शब्द शोधत राहा.

### मधेच एक अडथळा: आपला ‘शोध’

हा टप्पा सोडण्याआधी मराठीनेच घातलेला एक घोळ निस्तरायला हवा. आपण म्हणतो ‘बेलने टेलिफोनचा शोध लावला’ आणि ‘रॉन्टजेनने क्ष-किरणांचा शोध लावला’. क्रियापद एकच. इंग्रजीत पहिला ‘इन्व्हेंट’, दुसरा ‘डिस्कव्हर’. जी वस्तू आधी नव्हती ती बनवली तर ‘इन्व्हेंट’. जे आधीपासून होतं पण माहीत नव्हतं ते कळलं तर ‘डिस्कव्हर’. पोलीस चोराचा शोध घेतात तो ‘सर्च’. विद्यापीठात चालतो तो ‘रिसर्च’. मराठीतल्या एका ‘शोध’ने इंग्रजीतली चार दारं उघडतात आणि मुलं नेमकी चुकीच्या दारातून आत जातात. ‘न्यूटन इन्व्हेंटेड ग्रॅव्हिटी’ हे वाक्य मी दरवर्षी तपासतो. म्हणजे त्याआधी आंबे झाडालाच चिकटून राहत होते की काय!

त्यात हिंदी व्हिडिओंवरून शिकणारी मुलं ‘इन्व्हेन्शन’चा अर्थ ‘आविष्कार’ असा लिहितात. मराठीत आविष्कार म्हणजे प्रकट होणं, कलेचा आविष्कार म्हणतो तसं. वहीत ‘इन्व्हेन्शन’पुढे ‘नवी वस्तू बनवणं’ आणि ‘डिस्कव्हरी’पुढे ‘असलेली गोष्ट पहिल्यांदा कळणं’ असं सरळ लिहा.

दुसरी अशीच गल्लत ‘शक्ती’ची. ‘फोर्स’ म्हणजे बल, ‘एनर्जी’ म्हणजे ऊर्जा, ‘पॉवर’ म्हणजे शक्ती, म्हणजे ऊर्जा किती वेगाने खर्च होते ते माप. बोलताना आपण तिन्हींना ‘ताकद’ म्हणतो. उताऱ्यात तिन्ही एकाच परिच्छेदात आले की वाचणारा गारद.

## टप्पा ६: वहीतली नोंद

आता कुठे वही उघडायची. एकटा शब्द लिहायचा नाही, त्याचा जोडीदार सोबत घ्यायचा. एक नोंद पूर्ण करून दाखवतो.

पहिली ओळ: ‘डिप्राइव्ह समवन ऑफ समथिंग’.
दुसरी ओळ, उताऱ्यातला तुकडा: ‘इट वुड डिप्राइव्ह देम ऑफ देअर लिव्हिंग’.
तिसरी ओळ, घरच्या भाषेत अर्थ: एखाद्याला एखाद्या गोष्टीपासून वंचित करणं.
चौथी ओळ, स्वतःचं वाक्य: ‘द वॉटर टायमिंग डिप्राइव्ड अस ऑफ स्लीप’.
कोपऱ्यात तारीख.

चौथी ओळ वर्गातल्याच एका मुलीची. पाणी पहाटे तीनला आलं होतं. असं वाक्य पुसायचं म्हटलं तरी पुसलं जात नाही. पुस्तकी वाक्य लिहाल तर आठवडाभरात विसराल. ‘घरच्या भाषेत’ असं मुद्दाम लिहिलंय. मुलगा घरी तेलुगू बोलत असेल तर तिसरी ओळ तेलुगूत लिहू दे. इंग्रजीवरून मराठी आणि मराठीवरून तेलुगू असे दोन पूल ओलांडताना अर्थ वाटेतच सांडतो.

जोडीदार नीट बघून घ्या, कारण आपण तो मराठीवरून लावतो. प्रयोग ‘करतात’ म्हणून ‘मेक’ लावायचा मोह होतो. ‘कंडक्ट’ किंवा ‘कॅरी आउट ॲन एक्सपेरिमेंट’ लिहा. शोध ‘लावतात’, तिथे ‘मेक अ डिस्कव्हरी’. निष्कर्ष ‘काढतात’, तिथे ‘ड्रॉ अ कन्क्लूजन’.

नोंदीत कुटुंबही येऊ द्या, पण दोन-तीनच सदस्य: ‘इन्व्हेंट’, ‘इन्व्हेंटर’, ‘इन्व्हेन्शन’. काहींचे अनेकवचन वेगळेच असते: ‘बॅक्टेरियम’चं ‘बॅक्टेरिया’, ‘फिनॉमिनन’चं ‘फिनॉमिना’, ‘हायपॉथेसिस’चं ‘हायपॉथेसीझ’. ‘अ बॅक्टेरिया’ लिहिलं की गुण गेलाच म्हणून समजा.

तपासा: आठ नोंदींना पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही सजावट करताय. रंगीत चौकटी बंद.

## टप्पा ७: दुसऱ्या दिवशी रिकाम्या जागा

त्याच दिवशी हे करू नका. शब्द ताजे असतात, सगळे बरोबर येतात आणि खोटा विश्वास बसतो. रात्र जाऊ द्या.

उताऱ्याची कोरी झेरॉक्स घ्या, आठही शब्दांवर कागदी पट्टी चिकटवा किंवा घरच्या कुणाला तरी खोडायला सांगा. क्रियापदासोबत त्याचं अव्ययही झाका: ‘रिलाइड’ आणि ‘ऑन’ दोन्ही, ‘डिप्राइव्ह’ आणि ‘ऑफ’ दोन्ही. मुलं क्रियापद आठवतात आणि ‘ऑफ’च्या जागी ‘फ्रॉम’ घालतात, कारण मराठीत ‘पासून’ वंचित करतात.

तुमचा शब्द मूळ शब्दापेक्षा वेगळा आला तर लगेच चूक धरू नका. ‘रिमेन्ड’च्या जागी ‘स्टेड’ चालतो. ‘देअरफोर’च्या जागी ‘हाउएव्हर’ चालत नाही, तिथे उताऱ्याचा अर्थच कोलमडतो. आठपैकी सहा बरोबर आले की पुढे जा. चारच्या खाली आले तर नोंदी न बघता उतारा पुन्हा एकदा सलग वाचा आणि दुसऱ्या दिवशी नवी झेरॉक्स.

## टप्पा ८: तेच शब्द, आपली वस्तू

बहुतेक जण सातव्या टप्प्यावर थांबतात. त्यांना शब्द ओळखता येतात, वापरता येत नाहीत. घरातली एखादी वस्तू घ्या आणि ती कशी चालते ते सहा वाक्यांत इंग्रजीत सांगा. आधी तोंडी, मग लिहून. आठपैकी निदान चार शब्द आले पाहिजेत. कुकरवर एकाने लिहिलेली तीन वाक्यं अशी: “अ प्रेशर कुकर रिलाइज ऑन स्टीम. द स्टीम रेझेस द प्रेशर, अँड द वॉटर देअरफोर बॉइल्स ॲट अबाउट १२० डिग्रीज. धिस रिड्यूसेस द टाइम नीडेड फॉर डाळ.” डाळ डाळच राहिली, काही बिघडत नाही.

विज्ञानात कर्ता लपतो, म्हणून इथे कर्मणी प्रयोग लागतोच: ‘इज हीटेड’, ‘वॉज रेझ्ड’, ‘आर मेड’. ‘मेड ऑफ’ आणि ‘मेड फ्रॉम’ची काळजी घ्या. मूळ पदार्थ ओळखू येत असेल तर ‘ऑफ’: टेबल लाकडाचं. तो बदलून गेला असेल तर ‘फ्रॉम’: कागद लाकडापासून. मराठीतही आपण ‘चं’ आणि ‘पासून’ वापरतोच, त्यामुळे या एका ठिकाणी मराठीचा कान साथ देतो.

तोंडी सांगताना आवाज रेकॉर्ड करून ऐका. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फटॉग्रफी’त दुसऱ्यावर. आपण दोन्हींवर सारखाच देतो आणि ऐकताना मग शब्द ओळखू येत नाही.

## टप्पा ९: पुन्हा भेट

वहीच्या कोपऱ्यात तारीख लिहायला सांगितलं ते यासाठी. नोंद केल्यापासून पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी तिच्याकडे परत यायचं. पहिला दिवस रिकाम्या जागांतच झाला. बाकीच्या दिवशी वरच्या दोन ओळी हाताने झाका, फक्त अर्थ बघा आणि जोडीदारासकट इंग्रजी तुकडा म्हणा. पाच मिनिटांचं काम. अडलात तर खूण करा. ज्या नोंदीवर तीन खुणा झाल्या ती नव्याने लिहा, नव्या वाक्यासह. जुनं वाक्य तुमच्या कामाचं नव्हतं.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजी बघून मराठी अर्थ म्हणत बसू नका. ते सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात.

## पुढचा उतारा कोणता?

इथे घाई नडते. जॅकार्ड झाला, आता चांद्रयान, मग लस, मग विजेचा दिवा, अशी यात्रा केली की प्रत्येक वेळी नवी नावं डोक्यावर बसतात आणि कामकरी शब्दांना परत भेटायची संधी कमी होते. एकाच विषयावरचे तीन उतारे तीन वेगळ्या ठिकाणांहून घ्या. जॅकार्डनंतर यंत्रमागावरचा, त्यानंतर बॅबेजच्या यंत्रावरचा. दुसऱ्या उताऱ्यात ‘वॉर्प’ आणि ‘लूम’ ओळखीचे निघतात, ठिपके कमी पडतात आणि वाचण्याचा वेग वाढतो. तिसऱ्यात ‘रिड्यूस’, ‘रिप्लेस’, ‘रिक्वायर’ पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वाक्यात.

तीन उतारे झाल्यावर विषय बदला. लस घेतलीत तर १७९६ चा जेन्नर, मग पाश्चर, मग आजची एखादी लस. भौतिकशास्त्र हवं असेल तर क्ष-किरण, १८९५ पासून पुढे. रामन परिणामावरचा उतारा नववी-दहावीला जड जातो, तो बारावीनंतर घ्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो म्हणून शाळेत त्या आठवड्यात तोच वाचायला देतात, पण पहिला टप्पा लावून बघा, शंभरात बारा-तेरा ठिपके सहज पडतात.

ती दोनशे पानी वही मी त्या मुलीला फाडायला सांगितली नाही. मागच्या कोऱ्या पानांपासून उलटी सुरू करायला सांगितली. पहिल्या पानावर ‘हार्डली’ आहे.